विषाणूंचे नवे उपप्रकार : संख्याशास्त्रीय शोध

साथीच्या विषाणूचा नवा उपप्रकार फोफावण्याआधी हेरण्याच्या गणिती पद्धती. प्रत्येक रुग्णाच्या नमुन्याचे जनुकीय क्रमनिर्धारण करणे परवडत नाही. त्यामुळे मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढावा लागतो.

नमुने किती घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. उपप्रकाराचा वाटा १ टक्का असेल, तर तो निदान एकदा सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर नेण्यासाठी यादृच्छिकपणे निवडलेले २९९ नमुने लागतात. वाटा ०.१ टक्का असेल, तर सुमारे ३,०००.

सापडलेला उपप्रकार धोक्याचा आहे का, हे त्याचा वाटा किती वेगाने वाढतो यावरून कळते. त्यासाठी लॉजिस्टिक समाश्रयण ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात. नव्या आणि जुन्या उपप्रकारांच्या रुग्णांचे गुणोत्तर दर आठवड्याला दुप्पट होत असेल, तर आज १ टक्का असलेला वाटा सात आठवड्यांत ५६ टक्क्यांवर जातो. एकूण रुग्णसंख्या स्थिर दिसत असली, तरी आतली ही उलथापालथ गुणोत्तरातून दिसते.

क्रमनिर्धारणाला वेळ लागतो, म्हणून जलद खुणाही उपयोगी पडतात. करोना विषाणूच्या अल्फा उपप्रकारात एस जनुकाच्या एका छोट्या भागाचा लोप झाल्यामुळे काही आरटी-पीसीआर चाचण्यांत विषाणूची इतर जनुके सापडत, पण एस जनुक सापडत नसे. इंग्लंडमध्ये २०२०च्या अखेरीस याच खुणेवरून अल्फाच्या प्रसाराचा माग काढला गेला. दक्षिण आफ्रिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये हीच खूण पुन्हा दिसू लागली. २४ नोव्हेंबरला या नव्या उपप्रकाराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेला कळवण्यात आले आणि २६ नोव्हेंबरला तो ‘ओमायक्रॉन’ या नावाने चिंताजनक उपप्रकारांच्या यादीत गेला. मात्र त्याच्याच बीए.२ या शाखेत तो लोप नव्हता, त्यामुळे तिथे ही खूण निरुपयोगी ठरली.

महाराष्ट्राचे उदाहरणही वाट्याच्या वाढीचेच आहे. ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तने असलेल्या नमुन्यांचे प्रमाण डिसेंबर २०२०च्या तुलनेत वाढून १५ ते २० टक्क्यांवर गेल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. ही जोडी बी.१.६१७ या वंशात आढळली. त्याच वंशाच्या बी.१.६१७.२ या शाखेला मे महिन्यात ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

या पद्धतींचे यश नमुन्यांच्या निवडीवर अवलंबून असते. केवळ परदेशातून आलेल्या प्रवाशांचे किंवा रुग्णालयात दाखल झालेल्यांचे नमुने तपासले, तर वाट्याचा अंदाज चुकतो. शिवाय अलीकडच्या आठवड्यांचे अहवाल अपुरे असतात. म्हणून प्रत्येक क्रमासोबत नमुना घेतल्याची तारीख, जिल्हा आणि निवडीचे कारण नोंदवणे आवश्यक ठरते.