क्षिप्रेचा पूर आणि दोन कायदे

शिंद्यांची राजधानी 1810 पर्यंत उज्जैनला होती, आणि आपल्यापैकी अनेकांची घराणी त्या काळात क्षिप्रेकाठी स्थिरावली. ही नदी मात्र उज्जैनपाशी संपत नाही. ती चंबळेला मिळते. चंबळेचे पाणी 1960 साली पूर्ण झालेल्या गांधीसागर धरणात साठते आणि तेथून राजस्थानात कोट्याकडे जाते. सप्टेंबर 2019 मध्ये माळव्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा धरणाच्या फुगवट्याने नीमच जिल्ह्यातील रामपुऱ्यात पाणी शिरले, आणि खाली कोट्यातील वस्त्या बुडाल्या.

नदी एक, कारभारी अनेक. संसदेने 1956 साली यासाठी दोन कायदे केले: एक राज्यांमधील पाणीतंट्यांचा, दुसरा नदीमंडळांचा. पहिल्याखाली लवाद नेमले गेले. दुसऱ्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झाले नाही. भांडण मिटवण्याची सोय झाली, एकत्र कारभाराची राहून गेली.

लवादाचे फळ आपण पाहतोच. नर्मदा लवादाने 1979 मध्ये मध्य प्रदेशाला 18.25 दशलक्ष एकर-फूट पाणी दिले. 2014 पासून नर्मदेचे पाणी नळांवाटे क्षिप्रेच्या उगमाशी आणले गेले, आणि 2016 च्या सिंहस्थात रामघाटावर स्नाने झाली. पाण्याची अशी वाटणी अंकांत करता येते. पुराची करता येत नाही. तेथे वरच्याने दरवाजे कधी उघडायचे, हे खालच्याला विचारून आणि वेळेवर कळवूनच ठरवावे लागते. नदीमंडळांचा कायदा याच कामाचा होता. तो अजून कागदावरच आहे.