मुदत ठरते कशी?

औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीख आपण चष्मा वर-खाली करून वाचतो. 'मुदत' हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. पण औषधाची मुदत ठरते कशावरून?

या गोष्टीची सुरुवात साखरेपासून होते. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी आम्लात उसाची साखर किती वेगाने फुटते आणि तापमानाने तो वेग किती वाढतो, याचं गणित मांडलं. त्यातूनच पुढे औषधवाल्यांना युक्ती सापडली. गोळ्या उष्णतेत ठेवायच्या आणि काही महिन्यांतच पुढच्या वर्षांचा अंदाज बांधायचा.

पण अंदाज तो अंदाजच. ॲस्पिरिनला ओल लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तेवढं नाकालाही कळतं. टेट्रासायक्लिनचं तसं नव्हतं. या औषधाच्या जुन्या, बिघडलेल्या कॅप्सूल घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. शिळं औषध फार तर दुबळं होतं, हा समज तिथे मोडला. १९७८ च्या अमेरिकी नियमांनी बहुतेक औषधांवर मुदतीची तारीख, आणि तिच्यामागे चाचणीचा आधार, बंधनकारक केला.

१९९३ मध्ये अमेरिका, युरोप आणि जपान यांनी मिळून वेळापत्रक आखलं. ठरावीक तापमानाच्या नि आर्द्रतेच्या कपाटात नमुने ठेवायचे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा ते काढून तपासायचे. घाईची चाचणी वेगळी, ४० अंशांवर सहा महिने. ती वाट दाखवते, पण खरी वर्षं मोजावीच लागतात.

मेख पुढेच आहे. बाराव्या महिन्याला नमुना कपाटातून काढला आणि तो दीड महिना प्रयोगशाळेच्या टेबलावर पडून राहिला, तर निकाल कोणत्या महिन्याचा? गोळी कपाटात बिघडली की टेबलावर, हे सांगणार कोण? म्हणून काढल्याची तारीख वेगळी आणि तपासल्याची वेगळी नोंदवायची. दोहोंत किती दिवस चालतील, हेही आधीच लिहून ठेवायचं. साक्षीदाराचा जबाब लगेच घेतात, तसंच हे.

आणि कपाटातली हवा कुठली? त्या वेळापत्रकात नेहमीच्या चाचणीसाठी २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली होती. श्रावणातल्या कोकणाला त्याचं हसूच येईल! जगाचे चार हवामान-पट्टे पाउल शूमाखर यांनी १९७२ मध्येच सांगितले होते. तरी २००३ मध्ये उष्ण-दमट देशांसाठी ३० अंश आणि ६५ टक्के सुचवले गेले. आग्नेय आशियाई देशांनी ते मानलं नाही. २००४ मध्ये त्यांनी ७५ टक्क्यांचा आग्रह धरला, आणि २००६ मध्ये ती मूळ सूचनाच मागे घेण्यात आली. माझ्या मते औषधांच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, पण तिची गाजावाजा करणारी बातमी माझ्या वाचनात कधी आली नाही.

कपाटातली हवा अशी आपल्यासारखी झाली. आपल्या घरातल्या गोळ्या मात्र अजून गॅसच्या वरच्या फळीवर, वाफेत.