जाहिरात नाकारण्याची किंमत

संगणकावर वर्तमानपत्र उघडताच मजकुराआधी जाहिराती अंगावर येतात, आणि म्हणून त्यांना अटकाव करणारे 'ॲड ब्लॉकर' आता पांढुर्णा-सौंसरच्या घरांतूनही तरुण मंडळी बसवून घेतात. त्यांना दोष देण्यापूर्वी जाहिरातींविना पत्र चालविण्याचा जुना प्रयोग आठवावा.

गांधीजींच्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये १९०३ पासून आरंभी जाहिराती असत. १९१२ साली त्या बंद झाल्या. चांगली माणसे जाहिराती मिळविण्यात गुंतत, आणि जाहिरातदार समाजातील प्रतिष्ठित असला की नको ती जाहिरातही नाकारता येत नसे. पुढे १९१९ पासून 'यंग इंडिया' व 'नवजीवन', आणि १९३३ साली पुण्यातून निघालेले 'हरिजन' ही पत्रे जाहिरातींविनाच चालली. त्यामुळे त्यांचे स्वातंत्र्य टिकले, असे गांधीजींचे मत होते. परंतु पत्राचा खर्च वाचकांच्या वर्गणीतून निघाला पाहिजे, हा आग्रहही त्यांनी धरला. जाहिरात गेली, तिचा भार वाचकाने उचलला.

ॲड ब्लॉकर वापरणारा जाहिरात नाकारतो, पण भार उचलत नाही. त्याची बाजू लंगडी आहे असे मात्र नाही. बनावट जाहिरातींतून भामटे लोकांना फसवितात, म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना ॲड ब्लॉकर वापरण्याचाच सल्ला दिला. आपल्या वयाच्या मंडळींना तो अधिकच लागू पडतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही २०१८ साली 'ॲडब्लॉक प्लस' कायदेशीर ठरविले. दावा करणारी ॲक्सेल श्प्रिंगर ही मोठी वृत्तपत्र कंपनी हरली. गंमत अशी की, याच 'ॲडब्लॉक प्लस'ने २०११ पासून 'सौम्य' जाहिरातींना वाट मोकळी ठेवली, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे शुल्कही घेतले. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा जकातनाका ओळखायला वेळ लागत नाही.

आपल्या भागाचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९५६ साली नागपूर महाराष्ट्राकडे जाण्याच्या वाटेवर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो; तरी मराठी वर्तमानपत्र नागपूरचेच वाचत आलो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हा क्रम बदललेला नाही. सीमेपलीकडील वाचकासाठी पान राखणे संपादकाला मुळातच परवडत नाही. लहान साप्ताहिके तर दुकानदारांच्या आणि सरकारी निविदांच्या जाहिरातींवर तग धरीत. निविदा हाती असणाऱ्याविरुद्ध त्यातील काहींची लेखणी कशी बोथट होई, हेही मी पाहिले आहे. गांधीजींची भीती निराधार नव्हती.

म्हणून मी घरच्या संगणकावर ब्लॉकर ठेवला आहे. त्यातून नागपूरच्या दोन वृत्तपत्रांना सूट दिली आहे, आणि त्यांपैकी एकाचा छापील अंक वर्गणी भरून घेतो. दुसऱ्याची वर्गणी नातवाने भरावी, असे त्याला सांगितले आहे. तो अजून विचार करतो आहे.