बॅले, मुंबईतील : वंशवैविध्य व आधुनिकीकरण

अभिजात पाश्चात्त्य नृत्यनाट्याच्या वर्णसंकोचास जगभर मिळालेला छेद आणि त्यातील मुंबईचा वाटा, हा या नोंदीचा विषय. प्रबोधनकालीन इटलीच्या दरबारांत उगम पावून, चौदाव्या लुईने १६६१ मध्ये स्थापिलेल्या नृत्य-अकादमीच्या आश्रयाने ज्याचे व्याकरण सिद्ध झाले, त्या बॅलेच्या रंगमंचावर गौरवर्णीयांची मक्तेदारी दीर्घकाळ अबाधित राहिली. इतकी की, नृत्यरचनाकार पेतिपाच्या ‘ला बायादेर’चे (१८७७) कथानक भारतात घडत असूनही त्यातील देवदासी व योद्धे पिढ्यान्‌पिढ्या युरोपीय नर्तकांनीच रंगविले.

कृष्णवर्णीय आर्थर मिचेल याने १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेत प्रवेश मिळविला आणि १९६९ मध्ये हार्लेम येथे स्वतंत्र नृत्यसंस्था उभारली. कमरेपासून पदाग्रापर्यंत पाय एकसंध दिसावा म्हणून गुलाबी मोजे व सॅटिनचे जोडे घालण्याचा शिरस्ता सावळ्या देहावर तीच रेषा तोडतो, हे ओळखून या संस्थेने पुढे नर्तिकांस त्यांच्या कांतीचे मोजे-जोडे दिले. लंडनच्या फ्रीड कंपनीने तपकिरी जोडे विक्रीस काढले ते मात्र २०१८ मध्ये. तोवर पुष्कळ नर्तिका आपले जोडे मेकअपने रंगवीत.

मुंबईत मात्र बॅलेचा स्वीकार वेगळ्या वाटेने झाला. तेथे अंधेरीस ‘इप्टा’ (भारतीय जन नाट्य संघ) या संस्थेच्या मध्यवर्ती पथकाने १९४४ मध्ये शांती बर्धन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘भारत की आत्मा’ हा बॅले बसविला. संवादांवाचून नृत्य-संगीतातून कथा सांगण्याची बॅलेची रीत त्यात स्वीकारली असली, तरी पदन्यास भारतीय होता. बर्धन यांनीच १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापिला व ‘रामायणा’तील पात्रे मुखवटे घालून, कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने नाचविली.

प्रत्यक्ष पाश्चात्त्य पदन्यासात मुंबईच्या श्रमिक घरांतील मुलांचा शिरकाव अलीकडचा. टॅक्सीचालकाचे पुत्र मनीष चौहान व वेल्डरचे पुत्र अमीरुद्दीन शाह यांना येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाने मुंबईत तालीम दिली. शाह यांस २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. या दोघांच्या जीवनावर बेतलेल्या, सूनी तारापोरवाला दिग्दर्शित ‘ये बॅले’ (२०२०) या चित्रपटात चौहान यांनी स्वतः भूमिका केली.

जोड्यांचा रंग बदलणे त्या मानाने सोपे. परंतु बालवयापासून नित्य तालीम मागणाऱ्या या कलेचा खर्च सामान्य कुटुंबास झेपावा अशी तजवीज झाल्यावाचून हे वैविध्य अपवादांपुरतेच राहील.