भट्टीतला शब्द, पाण्यातला पारा

चमकणाऱ्या नॅनोकणांनी पाण्यातला पारा किंवा शिसे हुडकायचे, ही कालपरवाची विद्या मानली जाते. मी तिचे कूळ खाणकामगारांच्या भट्टीपर्यंत नेतो, ते एका शब्दाच्या बळावर: फ्लुओरेसन्स, म्हणजे आपली प्रतिदीप्ती.

हा शब्द १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने घडवला. ओपल खड्यावरून जसे ओपलेसन्स, तसे फ्लोरस्पार दगडावरून हे, असे त्याने स्वतःच नोंदवले. तरी ‘लॅटिन फ्लुएरे म्हणजे वाहणे, म्हणून वाहता प्रकाश’ अशी व्युत्पत्ती लोक ठोकून देतात. क्रियापदाचा धातू बरोबर आहे, पण वाहत होता तो प्रकाश नव्हे, धातूचा मळ! सोनार टाकणखार टाकतो, तसा सॅक्सनीचे खाणकरी भट्टीत हा दगड टाकत. मळ पातळ होऊन वाहून जाई. या दगडासाठीच्या त्यांच्या जर्मन बोलीतल्या शब्दाला खाणविद्येचा अभ्यासक अ‍ॅग्रिकोलाने १५३० साली बाझलमध्ये छापलेल्या ‘बेर्मानुस’मध्ये ‘फ्लुओरेस’ असा लॅटिन अंगरखा चढवला.

खरी गंमत पुढे आहे. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइड, पण शुद्ध असेल तर ते अतिनील किरणांत चमकत नाही. उत्तर इंग्लंडातल्या शिशाच्या खाणींतल्या फ्लोरस्पारची निळाई येते ती त्यातल्या लेशमात्र युरोपियममुळे. हा धातू वेगळा ओळखला गेला १९०१ साली. म्हणजे स्टोक्सने ज्या दगडावरून नाव ठेवले, तो मुळातच सूक्ष्म धातूची जाहिरात करत होता. या विद्येचा जन्म मी तिथेच धरतो.

प्रतिस्पर्धी दावे आहेतच. स्पॅनिश वैद्य मोनार्देसने १५६५ साली वर्णिलेले मेक्सिकोचे लाकूड पाण्यात निळी झाक देई. आम्लाने ती जाते आणि क्षाराने परतते, हे रसायनज्ञ रॉबर्ट बॉइलने पाहिले. सुंदर, पण त्यात धातू कुठे? दुसरा दावा भारी आहे. बाझलच्याच गोपेल्सरोडरने १८६७ साली मोरिन या वनस्पतिज रंगद्रव्याच्या हिरव्या चमकेवरून अ‍ॅल्युमिनियम ओळखले. शोधायचे म्हणून शोधणारा पहिला तोच. मी त्याला बाप मानतो, पण आजोबा दगडच.

आता नातवंडांकडे, म्हणजे आजच्या चमकत्या नॅनोकणांकडे. त्यातले क्वांटम बिंदू आणि २००४ साली काजळीत सापडलेले कार्बन बिंदू सर्वांना ठाऊक आहेत. मला भावते ते सिंगापूरच्या एका गटाचे काम: गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात जेमतेम २५ अणूंचे सोन्याचे पुंजके, अतिनील दिव्याखाली लालभडक. २०१० साली त्याच गटाने दाखवले की पाऱ्याचे आयन आले की हा लाल विझतो, तोही लिटरला सुमारे ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे. पारा सोन्याला झोंबतो हे सोनाराला कुणी शिकवायला नको. इथे मात्र पारदसंमिश्र होत नाही, पाऱ्याच्या आणि सोन्याच्या आयनांची जवळीकच दिवा मालवते.

पाण्याऐवजी रक्तात धातू शोधायचा म्हटले की हा डौल उतरतो. हिमोग्लोबिन प्रकाश गिळते, प्रथिने धातूला कवटाळून बसतात, आणि रक्ताची स्वतःची मंद चमकही मध्ये येते. नमुना पातळ करा, नाहीतर आम्लात जिरवा. रक्तातल्या शिशाचा पक्का आकडा हवा असेल तर नळी अजून आयसीपी-एमएस या आयनांचे वस्तुमान पाहणाऱ्या यंत्राकडेच जाते.