गोल घुमटातली कुजबुज आणि सिलिकॉनची बांगडी

विजापूरचा गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशाहचा मकबरा. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तर समोरच्या टोकाच्या माणसाला ते ऐकू येतं. आपली मुलं सहलीला जातात, टाळ्या वाजवतात, परत येतात. असं का होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल चर्चबाबत हा प्रश्न विचारला. आवाज वक्र भिंतीच्या कडेकडेने सरपटत जातो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९२१-२२च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी सेंट पॉलचा आणि आपल्या गोल घुमटाचाही अभ्यास केला.

प्रकाशही लहर आहे, म्हणून तोही असाच फिरू शकतो. आज चिपवर सिलिकॉनची चकती किंवा बांगडी कोरतात, काही तर केसाच्या जाडीत मावतील एवढ्या. बांगडीच्या परिघात लहरी पूर्ण संख्येने बसल्या की प्रकाश आत घुमत राहतो, साठतो. शेजारच्या बारीक हीटरने सिलिकॉन तापवलं की कोणता रंग घुमणार, ते बदलता येतं.

खरी गंमत पुढे आहे. एवढ्याशा जागेत प्रकाश दाटला की तो स्वतःच सिलिकॉन तापवतो, त्याचा अपवर्तनांक बदलतो आणि स्वतःची वाट सरकवतो. मग दुप्पट प्रकाश घातला म्हणून दुप्पट बाहेर येईलच असं नाही. यालाच अरेषीय वर्तन म्हणतात. रामन यांनी १९२८ साली शोधलेला परिणामही सिलिकॉनमध्ये दिसतो. त्याच्याच आधारे २००४-०५ मध्ये सिलिकॉनचे लेसर बनले.

आता काही जण म्हणतील, "बघा, आपल्या बुजुर्गांना सगळं ठाऊक होतं." नाही. विजापूरच्या कारागिरांनी अप्रतिम घुमट उभारला, त्याचा फक्र जरूर असावा. पण लहरींचं गणित त्यांनी मांडलेलं नाही. ते प्रश्न विचारणाऱ्यांनी मांडलं. वारसा सांगणं सोपं आहे, वारशाला प्रश्न विचारणं अवघड. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतून हीच सवय कमी पडते आहे. पुढच्या सहलीला मुलांना टाळी जरूर वाजवू द्या, पण निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या वहीत "का?" लिहून घ्या.