ज्यांना प्रतिनिधी नव्हता, त्यांची सीमा इतरांनी आखली

सीमाभागाची चर्चा आपल्याकडे सैन्य, घुसखोर आणि देशभक्ती या तीन शब्दांतच फिरते. सीमा आखताना तिथे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले होते का? हा प्रश्न आम्ही विचारतो. त्यासाठी चितगावच्या डोंगराळ प्रदेशाचा इतिहास आपल्या तरुणांनी वाचलाच पाहिजे.

आज बांगलादेशात असलेल्या या प्रदेशाला त्रिपुरा, मिझोराम आणि म्यानमारची हद्द लागते. फाळणीच्या वेळी इथे चकमा, मारमा या बौद्ध समाजांचे प्राबल्य होते. फाळणीचा निकष धार्मिक बहुसंख्येचा. तरीही १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेल्या रॅडक्लिफ निवाड्याने हा प्रदेश पाकिस्तानला दिला. इथे मुस्लिम लोकसंख्या अवघी ३ टक्के आहे, हे त्या निवाड्यातच नमूद आहे! कारण काय, तर चितगाव जिल्हा ज्याच्याकडे त्याच्यापासून हा भाग वेगळा काढणे कठीण. रांगामाटीत १५ ऑगस्टला स्नेहकुमार चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरंगा फडकवला होता. काही दिवसांतच पाकिस्तानी सैन्याने तो उतरवला.

शेजारच्या सिल्हेटमध्ये जुलै १९४७ मध्ये सार्वमत झाले. मग या डोंगरांतल्या माणसांना का विचारले नाही? उत्तर १९३५ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने हा प्रदेश 'वगळलेले क्षेत्र' ठरवला. बंगालच्या विधिमंडळात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. २० जून १९४७ रोजी त्या विधिमंडळात फाळणीवर मतदान झाले, तेव्हा त्यांच्या वतीने हात वर करणारा कोणी नव्हता. संरक्षणाच्या नावाखाली ज्यांना सभागृहाबाहेर ठेवले, त्यांचाच सौदा सर्वांत स्वस्तात झाला.

पुढचे हाल याच मुळातून आले. १९६२ मध्ये कर्णफुलीवरील काप्ताई धरण पूर्ण झाले. सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले आणि प्रदेशातली जवळपास ४० टक्के शेतजमीन पाण्याखाली गेली. १९६४ पासून हजारो चकमा भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. तिथेही स्थानिक आदिवासींना आपल्या जमिनीची भीती वाटली आणि विरोध उभा राहिला. एका वंचिताला दुसऱ्या वंचितासमोर उभे करून निर्णय घेणारे मोकळे झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चकमांच्या जीविताच्या रक्षणाचा आदेश द्यावा लागला. २०१५ मध्ये पुन्हा नागरिकत्वासाठी आदेश द्यावा लागला.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी प्रतिनिधित्व मागितले, ते उगाच नव्हे. ज्याचा प्रतिनिधी सभागृहात नसतो, त्याचे घर, शेत आणि देशसुद्धा दुसराच कोणी ठरवतो. म्हणून प्रतिनिधित्वाला जो कोणी 'सवलत' म्हणेल, त्याच्यापुढे चितगावचा नकाशा ठेवा.

जय भीम!